शेजारची कातडी

फोडावरची नको असते आम्हाला,
फोडाशेजारची हवी असते.
जी अजून धड दिसते, जिच्यावर लव आहे,
जिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.
चार मिलिमीटर. मसुरीच्या दाण्याएवढी.

परळला, तिसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला माझी खोली.
दारावर पाटी आहे : इम्युनोफ्लुरोसन्स.
शिपाई निवाते नुसतं 'हिरवी खोली' म्हणतो.

सोमवारी भांडुपहून एक बाई आली.
हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात बाटली.
वामन शंकर घाग, वय त्रेचाळीस,
मिठाईच्या खोक्यांच्या कारखान्यात कामाला.
तोंडात फोड, पाठीवर फोड,
दोन महिने घास गिळवत नाही.
बूच उघडलं आणि नाकाला आधी कळलं :
फॉर्मलिन.
त्यात सगळं टिकतं,
मला हवं असतं तेवढंच मरतं.
"तुकडा परत घ्यावा लागेल," मी म्हणाले.
ती ओरडली नाही. डब्याला झाकण लावत म्हणाली,
"ताई, त्यांच्या अंगावर चांगली जागा
किती उरल्येय, बघितलंत का तुम्ही?"

नव्हतं बघितलं.
अकरा वर्षांत मी फक्त मसुरी बघितल्यात.

गुरुवारी परत आली.
या वेळी बाटली माझी, द्रावण माझं,
वर माझीच चिठ्ठी : 'यातच घालणे',
खाली दोन रेघा.

क्रायोस्टॅट उणे पंचवीसवर.
बाहेर मे महिना, माझी बोटं माघातली.
डिंकात तुकडा उभा गोठवला, चाक फिरवलं.
चार मायक्रॉनचा काप पात्यावर गुंडाळायला बघतो,
झोपलेल्या पोराची चादर सरळ करावी
तसा ब्रशच्या टोकानं मी तो सरळ करते.
पाच काचा, पाच थेंब,
अर्धा तास ओल्या डब्यात, अंधारात.
मग धुणं. मग परत धुणं.

दिवा बंद. पडदा ओढलेला.
पहिल्याच काचेत
हिरवं.

पेशी-पेशीच्या फटीतून, बारीक, सलग.
पुस्तकवाले याला कोंबड्यांच्या खुराड्याची तार म्हणतात.
मी माहूलची. माझा बाप खाडीत पाग टाकायचा,
मला ते दारात वाळत घातलेलं जाळं दिसतं,
घर न् घर सुटं.
पण जाळ्यात गाठ धरून ठेवते.
इथं जिथं जिथं चमकतंय
तिथं गाठ सुटत चाललीय.
अंगाचेच रखवालदार फिरतायत
शेजाऱ्यांचे हात एकमेकांतून सोडवत.

"कुंपणच शेत खातं," निवाते म्हणतो.
मला नाही तसं वाटत.
खाणाऱ्याला आपण खातोय हे ठाऊक असतं.
हे ड्युटीवर आहेत.

आणि हे सगळं त्या धड कातडीत,
जिथं फोड अजून आलाच नव्हता.

फोटो घाईनं काढावा लागतो.
निळ्या उजेडात हिरवं विझत जातं
बघता बघता,
बघितल्यामुळेच.

मग टाईप केलं :
पेशींमधील जागेत आयजीजी, तीन अधिक.
सी-थ्री, एक अधिक.
पेम्फिगसशी सुसंगत.

तिनं कागद उलटसुलट करून पाहिला.
"काय निघालं?"
"नाव सापडलं."
"बरे होतील?"
हे सांगणं माझ्या कामात बसत नाही.
"डॉक्टर गोळ्या देतील. खूप दिवस घ्याव्या लागतील.
मध्येच सोडू देऊ नका," मी सांगितलं.

तिनं पिशवीतून डबा काढला.
"घावणे आहेत. त्यांना अजून गिळवत नाही.
तुम्ही खा."
तोच डबा. झाकणावरचा पोचा मी ओळखला.

खोलीत खायला मनाई आहे.
जिन्यात उभी राहून खाल्ले मी चारही,
गार, मऊ,
जाळीदार.